न पेरलेलं

हरतालिकेच्या संध्याकाळी मंडईत शिरणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. पाऊस धड पडत नाही, धड थांबत नाही. पायाखाली केळीच्या सोपटांचा चिखल, कुणीतरी केवड्याचा भारा डोक्यावर घेऊन अंगावरून जातं, आणि दुर्वांच्या एकाच जुडीवर दोन बायकांचे हात एकदम पडतात. त्यात सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. (तो नियम मी आता चहापुरता सैल केलाय, पण हे मंडईत कुणाला सांगायचं नसतं.) दुर्वा, शमी, पत्री झाली की मी दुसरी यादी काढते. ती ऋषिपंचमीची. अळू, लाल माठ, सुरण, भोपळा, पडवळ, अंबाडी, मक्याचं कणीस, आणि सगळ्यात खाली, आईच्या अक्षरातून माझ्या अक्षरात उतरलेला एक शब्द : देवभात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नेहमीच्या मावशींनी माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "देवभात न्हाई आला यंदा ताई. वरी घ्या, त्येच की."

"तेच कसं मावशी? वरी पेरतात. देवभात आपोआप येतो."

"आवं, ऋषी काय बघाय येणार हाईत का?"

ऋषी नाही, पण अरुंधती येईल, असं अगदी ओठांवर आलं होतं. सप्तर्षींच्या शेजारी आठवी सुपारी तिची असते, आणि ताटात काय वाढलंय हे बघणारी त्या मंडळींत तीच असणार. पण मागून लोटालोट सुरू झाली. वरी घेऊन घरी आले.

देवभात म्हणजे कुणी न पेरलेला तांदूळ. तळ्याच्या कडेला, पाणथळीत, डबक्यात पावसाळ्यात गवतासारखा माजतो; गवतासारखा कशाला, गवतच ते. आपल्या आंबेमोहोराचा आणि इंद्रायणीचा हा रानात राहिलेला पूर्वज. दाणा बारका, आतून तांबूस, आणि त्याच्या टोकाला बोटभर लांब कुसळ. विदर्भात जुन्या मालगुजारी तलावांत तो उगवतो, तिथे त्याला देवधान म्हणतात. दोन्हीकडे नाव देवाचंच, कारण पेरणारा दुसरा कुणी सापडत नाही. संस्कृतात रानातल्या या भाताला नीवार म्हणत. १९६५ साली शर्मा आणि शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी रानभाताच्या एका वर्षायू जातीला शास्त्रीय नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी तोच शब्द उचलला आणि लॅटिनच्या पंगतीत 'ओरायझा निवारा' म्हणून बसवला.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि पाचव्या दिवशी त्याच्या घामाचा घास टाळायचा, यात एक सरळ मन आहे. व्रताची कथा मात्र मला कधीच पटली नाही. पाळीच्या दिवसांत शिवाशिव झाली म्हणून बाईला कुत्रीचा जन्म आला आणि या व्रतानं ती सुटली, असली ती कथा. आमच्या आईनं ती वाचून दाखवायची आणि मी पाटावर बसून दात-ओठ खायचे, असं बरीच वर्षं चाललं. मग एका वर्षी आईनंच पोथी मिटून ठेवली. म्हणाली, "भाजी तेवढी करू या. भाजी चांगली असते." त्या दिवसापासून आमच्या घरात कथा गेली आणि ताट राहिलं. पंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, त्यांतल्या कितीजणी घरी जाऊन ती कथा वाचत असतील कोण जाणे. भाजी मात्र बहुतेकींच्या घरी होत असणार.

नियमाचं अक्षर पाळायचं तर आता वेगळीच गंमत आहे. माझा एक चुलतभाऊ दरवर्षी विचारतो, "ट्रॅक्टरनं नांगरलेलं चालतं का? बैलाचा संबंधच नाही." या न्यायानं पंजाबचा बासमती ऋषींना चालायला हवा आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरउतारावर कुणी बैलजोडीनं काढलेली वरई बाद व्हायला हवी. सदाशिव पेठेत यावर अजून निकाल लागलेला नाही.

आजीला मात्र हे सगळं प्रकरण हसण्यावारी न्यावंसं वाटे. तिचं माहेर सुप्याचं, बारामती तालुक्यातलं. पुण्याहून सासवड मागे टाकून पुढे निघालं की डोंगर बुटके होतात, झाडं विरळ होतात आणि गवत तेवढं उरतं. सह्याद्रीनं पाऊस अडवून धरलेला हा टापू; आकाशात ढग भरून येतात आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावी निघून जातात. आता तिथल्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला शनिवारी पुण्याहून गाड्या जातात. आजीच्या लहानपणी त्या माळाला 'बघण्यासारखं' कुणी म्हटलं नव्हतं.

आईची उपासाची तयारी चाललेली असली की आजी खाटेवरून म्हणायची, "तुम्ही उपास धरता गं. आमच्यात उपास घडायचा."

हे एक वाक्य मला पुढे फार पुरलं. मराठीत उपास धरतात, सोडतात, मोडतात. तो घडतोही. आणि घडणं लांबत गेलं की त्याला उपासमार म्हणतात. शब्द तोच, ताट रिकामं तेच. ते कुणी रिकामं केलं एवढाच काय तो फरक. आणि नवल असं की दोन्ही वेळी माणसाचा हात त्याच गवताकडे गेलेला आहे. व्रताला सावा आणि देवभात. दुष्काळातही सावा, नाहीतर आणखी कसलं रानटी बी.

आजीनं बहात्तरचा दुष्काळ प्रौढपणी पाहिला. त्या साली अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी तिनं थापली. तिची भाकरी तव्यावर चिरते आणि घशात बसते, एवढं वर्णन ती करायची आणि मग विषय बदलायची. तिच्या सासूच्या तोंडून आलेली आठवण त्याहून जुनी : बरबड्याच्या बियांची भाकरी. बरबडा गवत नव्हे, तो शेंगांच्या कुळातला, पण उगवतो गवतातच, आणि दुष्काळात गरिबांनी त्याचं बी दळून खाल्लेलं आहे. "बरबडा खाऊन दिवस काढले" हे वाक्य त्या घरात शिवीसारखं वापरलं जाई. कुणी ताटात टाकलं की ते बाहेर यायचं.

या खाण्याची लेखी नोंद ठेवणारा माणूसही पुण्यातलाच निघाला. जी. ए. गॅमी हे इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वनस्पतीशास्त्र शिकवत. १८९९-१९०० चा दुष्काळ उलटल्यावर, १९०२ साली, त्यांनी मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळात लोक कुठली झाडंझुडपं खातात यावर एक टिपण प्रसिद्ध केलं. त्याच कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक त्या वर्षांत इलाख्याच्या वनस्पतींची मोठी सूची छापत होते. एकानं काय काय उगवतं ते लिहिलं, दुसऱ्यानं त्यातलं काय काय पोटात गेलं ते. मला गॅमींचं काम जास्त अवघड वाटतं. वनस्पतीला नाव विचारता येत नाही, पण ती लाजतही नाही. भुकेल्या माणसाला काय खाल्लंस ते विचारणं आणि त्यानं ते सांगणं, दोन्ही कठीण.

या बाबतीत आपण थरच्या लोकांपुढे लिंबूटिंबू. जोधपूरजवळ ओसियाँला गेले होते तेव्हा वाळूच्या टेकाडावरून उतरताना माझ्या सलवारीच्या कडेला बारीक काटेरी गोळे लटकले. एक उपटायला गेले तर तो कापड सोडून बोटाला धरून बसला. जवळच शेळ्या राखणारी एक म्हातारी होती. तिनं माझा पाय तिच्या मांडीवर ओढून घेतला आणि नखांच्या चिमटीत एकेक गोळा धरून काढत गेली. काटा मोडू न देता, मुळाकडून, उलट्या दिशेनं. "भुरट," ती म्हणाली. मग एक गोळा दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं रगडला, फुंकर मारली आणि तळहातावर उरलेला कण माझ्यासमोर धरला. मोहरीएवढाही नव्हता. तिनं तो स्वतःच्याच तोंडात टाकला आणि हसली.

भुरट हे वाळवंटातलं गवत. चार सरी पडल्या की उगवतं, कोवळं असताना जनावरं आवडीनं खातात, आणि दाणा भरला की त्याभोवती काट्यांचं कोंदण तयार होतं. मग त्याच्या वाटेला कुणी जात नाही, माणूस सोडून. माणूस ते काटे कुटून, पाखडून काढतो आणि आतला दाणा बाजरीच्या पिठात मिसळून भाकरी करतो. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९ चा छप्पनिया काळ मारवाडात अजून म्हणींत आहे. जोधपूरचे वनस्पतीशास्त्रज्ञ म. म. भंडारी यांनी १९७४ साली वाळवंटातल्या दुष्काळी अन्नावर निबंध लिहिला, त्यात भुरटाला जागा आहे. हेच गवत थेट आफ्रिकेपर्यंत पसरलेलं. १८५० च्या दशकात सहारा ओलांडून गेलेल्या हाइनरिश बार्थ या जर्मन प्रवाशानं त्याच्या काट्यांना वैतागून लिहिलंय की या मुलखात चिमटा जवळ बाळगल्याशिवाय चालत नाही. आणि हेही लिहिलंय की तिथले तुआरेग लोक बऱ्याच अंशी याच्याच दाण्यावर जगतात. टोचतो म्हणून चिमटा, पोट भरतो म्हणून टोपली. दोन्ही एकाच कमरेला.

आता यातली खरी गोम. भुरटाची शास्त्रीय प्रजाती सेंक्रस. २०१० साली वनस्पतीशास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला आणि बाजरीलाही त्याच प्रजातीत आणून बसवलं. म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावून आपण जी भाकरी थापतो, तिचं पीठ भुरटाच्या सख्ख्या चुलतबहिणीचं. बाजरीही मूळची वाळवंटाच्या काठावरची. माणसानं ती माणसाळवल्याचा सर्वांत जुना पुरावा आफ्रिकेत मालीच्या तिलेम्सी खोऱ्यातला, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. (तिचं आजचं शास्त्रीय नाव 'सेंक्रस अमेरिकानस'. अमेरिकेशी तिचा काडीचा संबंध नाही. नावं ठेवण्यात शास्त्रज्ञही पुणेकरांना हार जात नाहीत.) आजी जिला रोजची भाकरी म्हणत होती ते वाळवंटी गवताचं बी होतं, आणि थरमध्ये दुष्काळात जे कुटून खाल्लं तेही वाळवंटी गवताचंच बी. मधे फक्त कित्येक पिढ्यांची निवड होती.

ती निवड कसली, हे मला वेताळ टेकडीवर कळलं. कार्तिक लागला की टेकडीचं गवत सोनेरी होतं आणि मोज्यांत कुसळं भरतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्या माणसांनासुद्धा स्वतःच्या मोज्यातलं ते घरी जाऊन, दिव्याखाली, एकेक शोधावं लागतं. एकदा असंच एक काढून टेबलावर ठेवलं होतं. खाली तपकिरी, सुईसारखं टोकदार बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस. वर काळसर, पीळ भरलेली शेपटी, मधेच काटकोनात वाकलेली. पेल्यातून पाण्याचा एक थेंब तिच्यावर सांडला. आधी काहीच झालं नाही. मग ती शेपटी हलली. हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखी, गोल फिरायला लागली. पीळ उलगडत गेला, आणि खालचं बी टेबलाच्या फटीत टोक रुतवून उभं राहायची खटपट करू लागलं. मी श्वास रोखून बघत बसले. पाणी सुकलं तशी ती उलटी फिरली. पुन्हा थेंब टाकला, पुन्हा फिरली. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या भांडवलावर हे बी स्वतःला जमिनीत पेरतं. न पेरलेलं म्हणतो आपण त्याला. ते पेरलेलंच असतं. पेरणारे आपण नसतो इतकंच.

गवताला हवं असतं ते एवढंच : दाणा पिकला की गळावा, पसरावा, मातीत जावा. आणि आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. दाणा पिकूनही कणसाला धरून राहावा, आपण विळा घेऊन येईपर्यंत. रानटी भात पिकला की वाऱ्याच्या झुळकीनं सांडतो. तो गोळा करायचा तर पिकण्याआधीच ताटांच्या पेंड्या बांधून ठेवायच्या, नाहीतर टोपली घेऊन हलक्या हातानं झटकत फिरायचं. सांडेल त्यातलं टोपलीत पडेल ते आपलं. पण हजार ताटांत एखादं असं निघतं की ज्याचा दाणा चुकून गळतच नाही. रानात ते करंटं. त्याचा वंश तिथेच संपायचा. माणसाच्या हाती मात्र तेच लागतं, घरी येतं, पुढच्या साली पेरलं जातं. २००६ साली शास्त्रज्ञांनी भातातला असा एक जनुक शोधून काढला. त्याच्यातल्या एका बारीकशा बदलानं दाणा गळायचा थांबतो. भाताला दाणा धरून ठेवायला लावणाऱ्या बदलांत हा एक मोठा. एवढ्याशा बदलावर कोठारं उभी राहिली, आणि कोठारं भरली की त्यावर कर आला.

करावरून आठवलं. शाकुंतलात दुष्यंताला पुन्हा आश्रमात जायला काहीतरी निमित्त हवं असतं, तेव्हा विदूषक त्याला सुचवतो की ऋषींकडून नीवाराचा सहावा हिस्सा वसूल करायला जा. राजा त्याला झिडकारतो. पण विदूषकाला हे सुचावं यातच सगळं आलं. न पेरलेल्या, न नांगरलेल्या, झाडाखाली सांडलेल्या दाण्यावरही वसुलीचा विचार करणारा माणूस तेव्हाही दरबारात होता. त्याच नाटकात पुढे शकुंतला सासरी निघते आणि तिचा पदर ओढणारं हरीण तिनं श्यामाकाच्या मुठी भरवून वाढवलेलं असतं. श्यामाक म्हणजे सावा. आपल्या भाताच्या खाचरात त्याचा रानटी भाऊ उगवला की आपण तण म्हणून उपटून बांधावर फेकतो.

ओंकारेश्वराला श्रावणी सोमवारी रुद्राची आवर्तनं होतात, तेव्हा पाठोपाठ चमक म्हणतात. त्यात यजमान देवाकडे जे जे मागतो त्याची लांबलचक यादी आहे, जवळजवळ आमच्या मंडईच्या यादीसारखी. भात, जव, तीळ, मूग, गहू, मसूर, आणि त्याच दमात श्यामाक आणि नीवार. पुढे नांगरटीनं पिकणारं मागितलंय आणि नांगरटीवाचून पिकणारंही, शेजारी शेजारी. गव्हाला वरचा पाट आणि सावा उंबऱ्याबाहेर असं तिथे नाही. तो भेद नंतरचा. आपण या धान्यांना भरडधान्य म्हणू लागलो, म्हणजे भरडं, जाडं, गरिबाचं. २०१८ मध्ये सरकारदरबारी ती 'पौष्टिक' झाली आणि २०२३ या आंतरराष्ट्रीय वर्षात 'श्री अन्न'. मला साधा 'तृणधान्य' शब्द पुरतो. त्यात तृणही आहे आणि धान्यही. कुणाची बढती नाही, कुणाची बदली नाही.

आणि या तृणाचे उपकार एवढ्यावर थांबत नाहीत. १९७० च्या सुमारास आशियातल्या भाताला एका विषाणूनं पछाडलं. रोपं खुरटी, गवतासारखी राहत आणि लोंबीच धरत नसत. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेत गुरुदेव खूश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो वाण तपासले. रोगाला दाद न देणारा निघाला तो एकच नमुना, उत्तर प्रदेशातून आलेल्या रानटी 'निवारा'चा. त्याचा गुण घेऊन घडलेली आयआर-३६ ही जात १९७६ साली आली आणि पुढच्या दशकात जगात सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरांवर पेरली गेली. माणसानं कोणे एके काळी डबक्यात सोडून दिलेल्या गवताकडे त्याला बुडत्या पायांनी परत जावं लागलं, आणि तिथे ते होतं. ते डबकं बुजवून तोवर कुणी त्यावर सोसायटी बांधलेली नव्हती, हे नशीब.

पुण्यात आपण माळाला पडीक म्हणतो. गवत दिसलं की तिथे काहीतरी 'करायला' हवं असं वाटतं. शाळेची मुलं, टोप्या, खड्डे, रोपं, फोटो. टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाटी झाली ती अशाच सद्भावनेतून, आणि तिच्या सावलीत गवत उगवत नाही. झाड लावणाऱ्याला नावं ठेवायची म्हणजे स्वतःच्या शहरात वाळीत पडायची तयारी हवी. तरी सांगते : टेकडीचा जो उतार नुसत्या गवताचा उरलाय तो तसाच राहू द्या. तो रिकामा नाही.

असो. त्या वर्षीच्या पंचमीला वरीच खाल्ली. तीन दिवसांनी गौरीजेवणाला दापोलीची मावसबहीण आली आणि पिशवीतून तिनं एक पुडकं काढलं. "घे गं, तुझा देवभात. एसटीच वेळेत मिळाली नाही."

पंचमी उलटलेली. गौरी जेवून-खाऊन गेल्या. पुडकं ओट्यावर तसंच. शेवटी एका मंगळवारी, काही तिथी नाही, वार लागायचा म्हणून लागलेला, मी तो निवडायला घेतला. निम्मा वेळ साळी वेचण्यात गेला. शिजायला नेहमीच्या तांदळाच्या दीडपट वेळ लागला आणि घरभर ओल्या पेंढ्यासारखा वास सुटला. भात तांबूस झाला, मोकळा, दाताखाली जरा कडक. वर आमटी घेतली. नवरा म्हणाला, "बरा आहे की." मुलगी म्हणाली, "उपास आहे का आज?"

"नाही," मी म्हटलं. "जेवण आहे."

आजी असती तर हे ताट बघून तिला काय वाटलं असतं, याचा विचार करत मी जरा जास्तच भात घेतला. ना धरलेला उपास, ना घडलेला. बैलाचे कष्ट टाळायचे म्हणूनही नव्हे. नुसतं मंगळवारचं दुपारचं जेवण, डाव्या बाजूला लिंबाचं लोणचं.

वेचलेल्या साळी फेकवल्या नाहीत. औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या आणि पुढच्या जूनमध्ये गच्चीतल्या जुन्या बादलीत माती आणि पाणी भरून त्यात टाकल्या. सात उगवल्या. श्रावणात पाती कमरेएवढी झाली, शेजारच्या काकूंनी "गवत का लावलंय?" म्हणून दोनदा विचारलं. पंचमीला त्यात काहीच नव्हतं. लोंब्या निसवल्या त्या दसऱ्यानंतर. रोज सकाळी दाबून बघायचे. आधी दूध, मग चीक, मग घट्ट दाणा. कुसळं लालसर होऊन उन्हात चमकायला लागली. कापू या, कापू या म्हणताना भाऊबीज झाली. त्या रात्री जरा वारा सुटला होता.

सकाळी गच्चीत गेले तर लोंब्या मोकळ्या. बादलीतला गाळ उपसून चाळणीत धुतला. बावीस दाणे मिळाले. सगळे कुसळासकट.